घरावर पत्रे टाकताय? खान्देशातल्या वादळात छत उडू नये म्हणून काय करायचं?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मे-जूनमध्ये मान्सूनपूर्व वादळं येतात. रावेर, यावल, चोपडा भागात केळीच्या बागा आडव्या होतात आणि त्याच वाऱ्यात घरांवरचे पत्रेही उडतात. यातले बरेच पत्रे वाचू शकतात. त्यासाठी ते बसवताना काही गोष्टी पाळाव्या लागतात.

धाबं जाऊन पत्रे का आले?

खान्देशातली जुनी घरं धाब्याची, म्हणजे लाकडी आधारावर मातीचा जाड थर असलेली. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, पण माती पुन्हा पुन्हा टाकावी लागते आणि पावसाची झड लागली की छत गळतं. पत्रे स्वस्त, हलके आणि लवकर बसणारे. पण धाबं स्वतःच्या वजनाने जागेवर राहतं, पत्रा मात्र घट्ट बांधूनच ठेवावा लागतो.

छत उडतं कसं?

वारा छतावरून वेगाने जातो तेव्हा वरच्या बाजूचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. दार-खिडकीतून शिरलेला वारा त्याला आतून ढकलतो. ही ओढ कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वाधिक असते. एक कोपरा सुटला की शेजारचे पत्रेही सुटत जातात.

वर दगड ठेवले तर?

अनेक घरांवर दगड, विटा किंवा टायर ठेवलेले दिसतात. जोरदार वादळात पत्रा उचलला गेला की हे दगड थेट खाली झोपलेल्या माणसांवर पडतात. दगड हा पक्क्या जोडणीला पर्याय नाही.

बसवताना काय पाहायचं?

- सांगाडा भिंतीला जोडा. लोखंडी पाईप भिंतीवर नुसते टेकवले तर पत्र्यांसकट अख्खा सांगाडा उडतो. पाईप भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने पक्के करा.
- पाईपमधलं अंतर साधारण ३ ते ४ फूट ठेवा. पत्रा पातळ असेल तर आणखी कमी.
- स्क्रू किंवा जे-हुक पत्र्याच्या उंचवट्यावर लावा, खोलगट भागात पाणी वाहतं. प्रत्येकाखाली रबरी वॉशर हवा. कडांना आणि कोपऱ्यांना स्क्रू जास्त लावा.
- पत्र्यावर पत्रा लांबीच्या दिशेने किमान ६ इंच चढवा. पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्यामुळे शेजारचे पत्रे पूर्वेकडून लावत यावं, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.
- उतार दर १० फुटांमागे दीड-दोन फूट ठेवा. भिंतीबाहेर पत्रा फार लांब काढू नका.
- विजेची वायर पत्र्याला टेकू देऊ नका. वायरचं आवरण घासलं गेलं तर सगळ्या छतात करंट उतरतो.

पत्रा कोणता घ्यायचा?

साध्या लोखंडी पत्र्यावर जस्ताचा लेप असतो. गॅल्व्हल्यूममध्ये सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतांश जस्त असतं, त्यामुळे तो गंजाला जास्त काळ टिकतो. नुसता रंग पाहू नका. जाडी आणि लेपाचं प्रमाण विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

४५ अंशांच्या उन्हात काय?

पांढरा किंवा फिकट रंग ऊन परतवतो. अहमदाबादने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करायला सुरुवात केली, तर तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी धोरणच आणलं. गरम हवा बाहेर जायला भिंतीत वर झरोका ठेवा. पत्र्याखाली चटई किंवा सीलिंग लावल्यानेही फरक पडतो. तुराट्या, कडबा यांचा थर दिला तर आगीचा धोका लक्षात ठेवा.

छत उडालंच तर?

फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या निकषांनुसार किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मदत ठरली होती. एवढ्यात नवं छत होत नाही. त्यामुळे पत्रे टाकतानाच चार बोल्ट जास्त लावणं केव्हाही स्वस्त पडतं.