पाठीमागच्या बाजूची नावं

जॅझची रेकॉर्ड हातात आली की मी आधी ती उलटी करतो. पुढचा फोटो आणि ठळक अक्षरातलं नाव सवडीने बघतो. बास कोणाचा, ड्रम्स कोणाचे, हे मागे बारीक टायपात असतं, आणि निम्म्या रेकॉर्ड्स मी त्या एका ओळीपायी घेतल्या आहेत. बासवर पॉल चेंबर्स असेल तर पुढे कोण आहे याची मी फारशी फिकीर करत नाही. आयुष्यभर पेटीची साथ केली, त्यामुळे हा पक्षपात उघडच आहे.

पूर्वी ही ओळच नसायची. १९२३ साली किंग ऑलिव्हरचा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी तबकड्या भरायला गेला. मायक्रोफोन अजून यायचा होता. भोंग्यापुढे उभं राहून वाजवायचं. दुसऱ्या कॉर्नेटवर एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, पियानोवर लिल हार्डिन. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये आर्मस्ट्राँगचा पहिला ध्वनिमुद्रित सोलो आहे; लेबलावर मात्र नाव बँडचं. गिऱ्हाइकाला नाचायला तबकडी हवी, तुतारी फुंकणारा कोण याच्याशी त्याला काय करायचंय, असा कंपन्यांचा हिशेब.

ती नावं हुडकली संग्राहकांनी. एकच तबकडी दहादा लावायची, ट्रम्पेटचा कंप ओळखायचा, म्हाताऱ्या वादकांना गाठून विचारायचं, आणि मग त्यावरून आपसात भांडायचं. पॅरिसच्या शार्ल दलोनेने १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ काढली, तेव्हा या वेडाला पहिल्यांदा पुस्तकाचं रूप आलं. न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेबलर कमोडोर नावाचं रेकॉर्डचं दुकान चालवत होता. बाजारातून गेलेल्या तबकड्या तो पुन्हा छापून घेई आणि लेबलावर सगळ्या वादकांची नावं टाकी. एका दुकानदाराने पाडलेला हा पायंडा पुढे मोठ्या कंपन्यांनीही उचलला.

आपल्याकडे असा गेबलर वेळेवर भेटला नाही. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो. सी. रामचंद्रांच्या संगीतात त्याचा हात किती होता हे जाणकार सांगतात. सिनेमाच्या तबकड्यांवर मात्र गोव्याच्या अशा ट्रम्पेट-व्हायोलिनवाल्यांची नावं शोधून सापडायची नाहीत.

तिकडे एलपी आल्यावर नावांना कव्हरची मागची बाजू मोकळी मिळाली. ब्लू नोट कंपनीचे अल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ, दोघे बर्लिनचे, ध्वनिमुद्रणाआधीच्या तालमीचेही पैसे देत. न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत १९६०च्या जूनमध्ये आठवड्याच्या आत दोन बैठकी झाल्या. १९ तारखेला बावीस वर्षांच्या फ्रेडी हबर्डची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड, ‘ओपन सेसमी’. टेनर सॅक्सोफोनवर साथीला टीना ब्रुक्स. (हा पुरुष, लहानपणी अंगाने बारका, त्यावरून पडलेलं नाव.) रेकॉर्डचं नाव ज्या रचनेवरून पडलं ती ब्रुक्सची, ‘जिप्सी ब्लू’ही त्याचीच. २५ तारखेला उलटं: म्होरक्या ब्रुक्स, साथीला हबर्ड. ती ‘ट्रू ब्लू’. दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात. हबर्ड पहिल्या सुरापासून चमकतो. ब्रुक्स मागून, जरा रेलून येतो, लांब वाक्य धरतो आणि संपवायची घाई करत नाही. माझं मत विचाराल तर ‘ओपन सेसमी’ ब्रुक्सने तोलून धरली आहे.

१९५८ ते ६१ या काळात ब्रुक्सच्या नावाने चार बैठकी झाल्या. हयातीत बाहेर आली ती एकटी ‘ट्रू ब्लू’. त्यातल्याच ‘बॅक टू द ट्रॅक्स’ला कॅटलॉगचा क्रमांक पडला, कव्हर ठरलं, आणि रेकॉर्ड तशीच कपाटात राहिली. १९६१ नंतर त्याचं ध्वनिमुद्रणच नाही. अमली पदार्थांनी घात केला होता; १९७४ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. १९८५ मध्ये मोझेइक कंपनीने त्याच्या नावाच्या चारही बैठकी एका संचात आणल्या. आता ‘ट्रू ब्लू’ची मूळ प्रत हजारो डॉलरना जाते. घेणारे टॉर्च मारून लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कारखान्याची कोरीव खूण शोधतात. असतो इंग्रजी पी, दिसतो कानासारखा, म्हणून म्हणायचं ‘इअर’. खूण सापडली की सौदा पक्का, मग रेकॉर्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात. तिच्यावर सुई टेकवताना मी फारसं कुणाला पाहिलेलं नाही. माझी प्रत पुनर्मुद्रित आहे आणि चांगली घासलेली आहे.

‘ट्रू ब्लू’वर पियानो ड्यूक जॉर्डनचा. १९४७ मध्ये चार्ली पार्करच्या ‘एम्ब्रेसेबल यू’ला त्याने जी सुरुवात करून दिली, ती ऐकून पुढचं न ऐकलं तरी पैसे वसूल. त्याने संगीत दिलेल्या एका फ्रेंच चित्रपटात श्रेय दुसऱ्याच्याच नावावर लागलं. पुढे काही काळ हा माणूस न्यूयॉर्कात टॅक्सी चालवत होता. १९७३ मध्ये कोपनहेगनच्या स्टीपलचेस कंपनीने त्याला पुन्हा पियानोपुढे बसवलं, तीच रेकॉर्ड ‘फ्लाइट टू डेन्मार्क’. बासवर मॅड्स व्हिंडिंग, ड्रम्सवर एड थिगपेन. थिगपेन म्हणजे ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटातला. त्याच्या ब्रशकामापायी मी पीटरसनच्या किती रेकॉर्ड्स आणल्या, हे आमच्या घरी विचारू नका.