डालग्याखालची कोंबडी, शेडमधली बॅच

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. मग तिच्याखाली अंडी ठेवायची, एकवीस दिवस थांबायचं, निघालेली पिल्लं घारी-मुंगसापासून जपायची आणि दिवेलागणीला सगळी डालग्याखाली झाकायची. महाराष्ट्राच्या खेड्यांत हे काम घरच्या बाईचं. अंड्यांचा पैसाही बहुधा तिचाच. पाहुणा आला की त्यातलीच एखादी कापली जाई आणि कोणती, हेही तीच ठरवी. लळा आणि हिशेब एकाच हातात होते.

धंद्याला मात्र खुडूक कोंबडी परवडत नाही, कारण ती बसली की अंडी बंद. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुण्याच्या या कंपनीची ‘बीव्ही ३००’ ही लेअर कोंबडी पुढे देशभरच्या शेडमध्ये पोचली. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी ही कोंबडी क्वचितच खुडूक होते. अंडी उबवायचं काम यंत्राकडे गेलं. १९८२ साली राव यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि व्यापारी सांगेल तो भाव घेणारे उत्पादक स्वतः भाव जाहीर करू लागले.

मांसासाठीच्या ब्रॉयलर कोंबड्या शेतकरी कंपनीशी करार करून वाढवतो. त्यात तर पक्षीही त्याचे उरले नाहीत. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, तूस, वीज आणि मेहनत त्याची. तरी ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या, दिवसांत तो रात्री उठून पिल्लं गारठली नाहीत ना, हे पाहतो. मर वाढली की मोबदला घटतो, हे त्यामागचं एक कारण. सहा आठवड्यांत पक्षी उचलून नेणारी लिफ्टिंगची गाडी येते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो पक्षी मारून पुरले गेले. आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही सुटल्या नाहीत. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग परसातल्या कोंबड्यांतच निघाला. २००८ साली पश्चिम बंगालच्या बीरभूममध्ये साथ आली, तेव्हा अनेकांनी पक्षी मारायला आलेल्या पथकांपासून आपल्या कोंबड्या लपवल्या. भरपाई अपुरी वाटत होती, हे खरंच. पण चार-पाच कोंबड्या घरात दडवता तरी येतात. नवापूरच्या शेडमालकाला ती सोयही नव्हती. त्याच्या पक्ष्यांची संख्या खाद्यवाल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांच्या वहीत होती.