वीजदर, घरगुती (महाराष्ट्र)

घरगुती ग्राहकास पुरविलेल्या विजेबद्दल पुरवठादार संस्था जे मूल्य आकारते, त्यास घरगुती वीजदर म्हणतात. हे मूल्य किलोवॉट-तास या एककावर, म्हणजे व्यवहारातील ‘युनिट’वर ठरते. त्यात स्थिर आकार, इंधन समायोजन आकार व राज्य शासनाचे विद्युत् शुल्क यांची भर पडते. एकाच रस्त्यावर दोन पुरवठादारांनी स्वतंत्र तारा टाकणे खर्चाचे असल्याने वीज वितरण हा व्यवसाय स्वभावतःच मक्तेदारीकडे झुकतो. घरगुती ग्राहकास सहसा दुसरा पुरवठादार मिळत नाही आणि विजेवाचून त्याचे चालतही नाही. त्यामुळे दर कोणी व कोणत्या हिशेबावर ठरवावा, हाच या विषयातील मुख्य प्रश्न होय.

विद्युत् (पुरवठा) अधिनियम, १९४८ अन्वये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. मुंबईचा बराचसा भाग आणि मुळा-प्रवरा सहकारी संस्थेचे क्षेत्र वगळता जवळजवळ सर्व राज्याचे वितरण त्याच्याकडे होते. दर ठरविणे मंडळाच्याच हाती होते. व्यवहारात मात्र शासनाची संमती निर्णायक ठरे. १९७० नंतरच्या दशकात शेतीपंपांची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागली. शेतकऱ्यास त्यामुळे दिलासा मिळाला. पण शेतीला नेमकी किती वीज लागते, हे मोजण्याचे साधनच नाहीसे झाले. गळती व चोरी यांचा मोठा हिस्सा ‘शेतीचा वापर’ या सदराखाली जमा होत राहिला. मंडळ आपली हानी अनेक वर्षे सु. १५ ते १८ टक्के दाखवीत असे. नियामक आयोगापुढील छाननीत ती ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे आढळले. ही तूट उद्योग, व्यापारी व अधिक वापर असलेली घरे यांच्या दरांतून भरून निघे.

या व्यवस्थेवर सर्वांत मोठा भार दाभोळ प्रकल्पाने टाकला. एन्‌रॉन या अमेरिकन कंपनीशी जून १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला. जागतिक बँकेने १९९३ मध्ये प्रकल्पास साहाय्य नाकारले, तरीही डिसेंबर १९९३ मध्ये मंडळाने वीज खरेदीचा करार केला. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या शासनाने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. प्रकल्पाची एकूण क्षमता उलट वाढली. वीज घेतली वा न घेतली तरी क्षमता आकार देणे मंडळावर बंधनकारक होते आणि त्याची गणना डॉलरशी जोडलेली होती. रुपया घसरला की आकार वाढे. नॅफ्था महागला की इंधनखर्च वाढे. शिवाय महाग म्हणून मंडळाने कमी वीज घेतली, तर तोच स्थिर खर्च थोड्या युनिटांवर विभागला जाऊन प्रत्येक युनिट अधिकच महाग होई. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉट क्षमतेचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे तेथील विजेचा दर युनिटला ७ रुपयांवर गेला. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेने हे धोके आकडेवारीनिशी आधीच मांडले होते. त्यांची दखल उशिरा घेतली गेली. मे २००१ मध्ये उत्पादन थांबले. त्याच वर्षी डिसेंबरात एन्‌रॉनचे दिवाळे निघाले.

महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला व २००० साली त्याने पहिला दर-आदेश दिला. मंडळाचे हिशेब जाहीर सुनावणीत प्रथमच ग्राहकांपुढे आले, ही त्याची मोठी फलश्रुती होय. दर त्यामुळे थांबले असे नव्हे, पण प्रत्येक वाढीचे कारण देणे भाग पडले. विद्युत् अधिनियम, २००३ नंतर मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले, तरी वितरण एकाच शासकीय कंपनीकडे राहिले. नव्या कायद्याने दिलेली पुरवठादार निवडण्याची मोकळीक प्रत्यक्षात मोठ्या ग्राहकांपुरतीच होती. भारनियमनाच्या काळात पुण्यात २००६ मध्ये अखंड पुरवठ्यासाठी अधिक वापराच्या ग्राहकांवर वेगळा आकार लावला गेला, म्हणजे नियमित वीज हीच विकण्याची वस्तू झाली.

मुंबईच्या उपनगरांत मात्र मक्तेदारीची कसोटी लागली. तेथे रिलायन्सचे वितरण होते. टाटा कंपनीस किरकोळ ग्राहकांना वीज देता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. ऑक्टोबर २००९ पासून रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घेणे शक्य झाले. प्रथम गेले ते अधिक वापराचे ग्राहक, म्हणजे लहान ग्राहकांचे दर ज्यांच्या जोरावर कमी ठेवले जात तेच. मागे राहिलेल्यांवरील बोजा वाढू लागला, तेव्हा आयोगाने २०११ मध्ये पुरवठादार बदलणाऱ्यांवर प्रतिसाहाय्य अधिभार बसविला. तारा एकाच्या व वीज दुसऱ्याची, अशा या व्यवस्थेत वहन आकारही ग्राहकासच द्यावा लागे. त्यामुळे दोन दरांतील फरक पूर्णपणे त्याच्या पदरात पडला नाही.