फाईल सापडत नाही

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असतं. "सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही." रस्त्याचं टेंडर असो, गायरानाचा नकाशा असो, उत्तर तेच. आपण चिडतो, अपील करतो, मग सोडून देतो. पण याच वाक्याच्या आड हजारो माणसांच्या मरणाचा हिशोब चाळीस वर्षं दडवला गेला, आणि तोही ब्रिटनसारख्या देशात. दूषित रक्ताचं ते प्रकरण आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

हिमोफिलिया हा जन्मजात आजार. रक्त गोठायला लागणारा एक घटक शरीरात कमी असतो. बहुतेक रुग्ण मुलगे. पडलं, लागलं, की सांध्यात आतल्या आत रक्त साचतं. 1973 मध्ये ब्रिटनमध्ये यावर नवं औषध आलं, फॅक्टर एट. पावडर पाण्यात मिसळायची आणि घरीच टोचायची. आयांना देवच भेटल्यासारखं वाटलं असणार.

खोट होती ती बनवण्याच्या पद्धतीत. हजारो लोकांचा प्लाझ्मा एकाच टाकीत एकत्र करून ही पावडर बनायची. त्यातला एकजण जरी बाधित असला तरी सगळा घाणा नासला. ब्रिटनला स्वतःचा प्लाझ्मा पुरत नव्हता, म्हणून माल अमेरिकेतून यायचा. तिथे प्लाझ्मा देणाऱ्याला पैसे मिळत. पैशासाठी रांगेत उभे राहणारे कोण? नशेच्या आहारी गेलेले, तुरुंगातले कैदी. हा धोका कुणाला कळलाच नव्हता असं नाही. 1975 मध्येच आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देश स्वतःच्या रक्तावर स्वयंपूर्ण करू असं संसदेत सांगितलं होतं आणि त्यासाठी पैसेही ठेवले होते. स्वयंपूर्णता काही आली नाही.

मग एड्स आला. मे 1983 मध्ये साथरोगांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी केंद्राचे प्रमुख डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला लेखी कळवलं की 1978 नंतरच्या अमेरिकन रक्तापासून बनलेली ही औषधं मागे घ्या. खात्याने ऐकलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्री केनेथ क्लार्क यांनी संसदेत सांगितलं की रक्तजन्य औषधांतून एड्स पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही. 'निर्णायक' हा शब्द नीट बघा. सरकारी भाषेत अशा शब्दांचं फार मोठं काम असतं.

हॅम्पशायरमधल्या ट्रेलोर या शाळेत हिमोफिलियाची मुलं निवासी राहायची, कारण शाळेतच उपचाराचं केंद्र होतं. 1970 ते 1987 या काळात अशी 122 मुलं तिथे शिकली. आज त्यातली तीसच्या आसपास हयात आहेत. या मुलांवर आईबापांना न विचारता औषधांचे प्रयोगही झाले, हे पुढे चौकशीत सिद्ध झालं. साऱ्या देशात रक्तस्रावाचा आजार असलेल्या सुमारे 1,250 जणांना एचआयव्ही झाला, त्यात 380 मुलं. त्यातले तीन चतुर्थांश गेले. बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये रक्त चढवून ज्यांना हिपॅटायटीस सी झाला ते वेगळे. एकूण बाधित 30 हजारांपेक्षा जास्त आणि मृत्यू सुमारे 3 हजार.

डॉक्टर चुकले, कंपन्यांनी पैसा कमावला, हे सगळं आहेच. मला पत्रकार म्हणून जास्त खुपतं ते त्यानंतर सरकार कसं वागलं ते.

सरकारने एक उत्तर ठरवलं: त्या वेळच्या ज्ञानानुसार रुग्णांना उपलब्ध असलेले सर्वोत्तम उपचार दिले गेले. पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले, उत्तर तसंच. नवा मंत्री आला की टेबलावर तोच कागद. गॅलब्रेथ यांचं पत्र खात्यातच पडलेलं असताना हे वाक्य मागच्या उत्तरावरून पुढच्या उत्तरात उतरत राहिलं. आपल्याकडेही विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं अशीच तयार होतात, हे ज्याने कव्हर केलंय त्याला सांगायला नको.

पैसे दिले, पण नुकसानभरपाई म्हणून नाही, उपकार म्हणून. 1987 मध्ये 1 कोटी पौंड जाहीर केले आणि एक ट्रस्ट स्थापन झाला. मरणाच्या दारातल्या माणसांनी घरातल्या गरजेच्या वस्तूंसाठी तिथे अर्ज करायचे. 1991 मध्ये आणखी पैसे आले, तेव्हा आधी सही घेतली की पुढे हिपॅटायटीसबद्दलही दावा करणार नाही. त्यातल्या अनेकांना हिपॅटायटीस सी झालेला आहे हे तेव्हा त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं!

आणि कागदपत्रं? ओवेन यांनी आपल्या कारकिर्दीतली कागदपत्रं मागितली, तेव्हा ती नष्ट केल्याचं त्यांना सांगण्यात आलं. मंत्र्यालाच स्वतःची फाईल मिळेना. 1993 मध्ये रक्त तपासणीच्या दिरंगाईशी संबंधित काही कागद खात्यात मुद्दाम नष्ट केले गेले, असं पुढे चौकशीत निघालं.

जपानमध्येही हेच घडलं होतं. हिमोफिलियाच्या रुग्णांना तेच औषध, तोच एचआयव्ही. आरोग्य मंत्रालय म्हणायचं, त्या काळातल्या फायली नाहीत. जानेवारी 1996 मध्ये नाओतो कान आरोग्यमंत्री झाले. त्यांनी खात्यात चौकशी पथक नेमलं आणि काही दिवसांतच नसलेल्या फायली मंत्रालयातल्याच कपाटांत सापडल्या. फेब्रुवारीत कान यांनी पीडितांसमोर वाकून माफी मागितली. त्याच वर्षी तडजोड होऊन प्रत्येकी साडेचार कोटी येन मिळाले. हे कान पुढे पंतप्रधान झाले.

ब्रिटनला मात्र 2017 उजाडलं. थेरेसा मे यांनी चौकशी जाहीर केली. न्यायमूर्ती ब्रायन लँगस्टाफ यांचा सात खंडांचा अहवाल 20 मे 2024 ला आला. हा अपघात नव्हता, सरकारने सत्य लपवलं, आणि ते 'सर्वोत्तम उपचारा'चं वाक्य खोटं होतं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ऋषी सुनक यांनी त्याच दिवशी संसदेत माफी मागितली. ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात 11.8 अब्ज पौंड ठेवले गेले. तरीही वर्षभराने पूर्ण भरपाई हातात पडलेले लोक काही शेच होते. मग लँगस्टाफ यांनी जुलै 2025 मध्ये या दिरंगाईवर पुन्हा वेगळा अहवाल दिला.

आता आपल्याकडे येऊ. 1996 मध्ये 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि रक्त विकण्याचा धंदा 1 जानेवारी 1998 पासून बंद झाला. आज गावोगाव नेत्यांच्या वाढदिवसाला जी रक्तदान शिबिरं दिसतात, त्यामागे हा निकालही आहे. फ्लेक्सवर तो कुणी छापत नाही, असो.

2016 मध्ये मुंबईच्या एका कार्यकर्त्याच्या माहिती अर्जाला राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने उत्तर दिलं. ऑक्टोबर 2014 ते मार्च 2016 या काळात रक्तातून एचआयव्ही झाल्याचं देशात 2,234 जणांनी सांगितलं होतं. उत्तर प्रदेश 361, गुजरात 292, आणि तिसरा आपला महाराष्ट्र, 276. सरकारचं म्हणणं काय, तर ही माहिती रुग्णांनी स्वतः सांगितलेली आहे, शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेली नाही. ब्रिटनचा तो 'निर्णायक' शब्द आठवला ना?

हे सिद्ध कुणी करायचं? हवाई दलातल्या एका जवानाला 2002 मध्ये लष्करी रुग्णालयात रक्त चढवलं आणि 2014 मध्ये एचआयव्ही असल्याचं कळलं. ग्राहक आयोगाने तज्ज्ञाचा पुरावा नाही म्हणून त्याचा दावा फेटाळला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने हवाई दल आणि लष्कराला जबाबदार धरून 1 कोटी 54 लाख 73 हजार रुपये द्यायला लावले. रक्त कुठून आलं, तपासलं का, हे ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी सांगायचं, आजारी माणसाने नाही, असा त्या निकालाचा साधा अर्थ.

आता एक नियम सांगतो. आपल्या देशात रक्तपेढीने नोंदी पाच वर्षं जपून ठेवायच्या असतात. एचआयव्ही आणि हिपॅटायटीस सी शरीरात दहा-दहा वर्षं गप्प बसतात. जवानाला कळलं ते बारा वर्षांनी. म्हणजे आपल्याकडे फाईल लपवायचीही गरज नाही, ती नियमानेच रद्दीत जाते. घरात कुणाला रक्त चढवलं तर पिशवीचा नंबर, रक्तपेढीचं नाव आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. नाही दिलं तर पिशवीवरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.