आधी पाळणाघर, मग संघटना

आम्ही कामगार चळवळीतली माणसे पगार, बोनस, महागाईभत्ता यांचा हिशेब तोंडपाठ सांगू; पण कामगाराचे मूल दिवसभर कोठे असते, हे आम्ही क्वचितच विचारले. वास्तविक आमचे मूळ तेथेच आहे. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये चालविली. आयटक स्थापन झाली ती पुढे, १९२० साली. आधी सेवा, मग संघटना, असा तो क्रम होता.

तो क्रम आम्ही विसरलो, इतरांनी चालविला. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले. ‘मोबाइल क्रेशेस’ या नावाचे ते काम १९७२ साली मुंबईत आले. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर हवे, असे बांधकाम मजुरांच्या कायद्यात लिहिले गेले ते १९९६ साली. म्हणजे सेवेच्या मागून कायदा यायला २७ वर्षे लागली.

मुलुंड-भांडुपचे कितीतरी कारखाने बंद पडले आणि त्या जागी उंच इमारती उठल्या. तेथे विटा वाहणाऱ्या बाईचे मूल वाळूच्या ढिगावर निजलेले आम्ही पाहिले. ती आमची सभासद नव्हती, म्हणून आम्ही पुढे गेलो. ही चूक आमची. पाळणाघर म्हणजे दया नव्हे. ते मजुरीइतकेच हक्काचे आहे. आमच्या मागणीपत्राचे पहिले कलम आता तेच असले पाहिजे.