डब्यातली वही आणि पोढीवरचे नाव

जुन्नरच्या कसब्यापासून सुमारे 30 किलोमीटरांवर, घाटघरच्या पठाराचा कडा जिथे एकाएकी तुटून कोकणात वैशाखऱ्याकडे उतरू लागतो, त्या नाणेघाटाच्या तोंडाशी गेल्या हिवाळ्यात मुलांच्या एका शिबिराबरोबर मी गेलो होतो; आणि ज्या खेळासाठी ती मुले तिथे आली होती तो जिओकॅशिंग नावाचा खेळ मला तोवर केवळ ऐकून ठाऊक होता. कोणी तरी एक डबा रानात दडवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि शोधणाऱ्याने हातातल्या यंत्राच्या आधाराने तिथवर पोहोचून, डब्यातल्या वहीत आपले नाव रुजू करून, डबा होता तिथे ठेवून द्यायचा, असा त्याचा रिवाज. उपग्रहांच्या संदेशांत हेतुपुरस्सर मिसळलेली अशुद्धी अमेरिकेच्या सरकारने 2000 सालच्या मे महिन्याच्या प्रारंभी काढून टाकली आणि लगेच, 3 मे रोजी, ऑरेगन राज्यातील डेव्ह उल्मर नामक गृहस्थाने पहिली बादली रानात ठेवली. खेळाचे मूळ मात्र याहून जुने आहे. इंग्लंडातील डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने 1854 साली क्रॅनमिअर तळ्यापाशी एक बरणी ठेवली होती, आणि पायपीट करून तिथवर पोहोचणारे लोक तीत आपल्या नावाचे कार्ड टाकीत.

यंत्राने त्या दिवशी आमची फजितीच केली. घाटाच्या नळीत दोन्ही अंगांनी कातळ उभा असल्यामुळे आकाशाची चिंचोळी पट्टी तेवढी दिसते, बहुतेक उपग्रह डोंगराआड जातात, आणि पडद्यावरचा ठिपका कधी दरीत तर कधी कातळाच्या पोटात हिंडू लागतो. गुरे वळायला आलेले घाटघरचे एक वृद्ध गृहस्थ हा सोहळा बराच वेळ पाहून म्हणाले, "पोरांनो, पाणी कुठं हाये ते बघा. माणसं तिथंच टेकत्यात." डबा खरोखरच टाक्याच्या वरच्या अंगाला, एका कपारीत निघाला. वही उघडताच एका मुलीने विचारले, "काका, इथं सगळ्यात पहिलं नाव कुणाचं?" तिचा प्रश्न वहीपुरता होता, मी उत्तरासाठी तिला टाक्याकडे नेले.

त्या टाक्यांपैकी एकावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी अक्षरांत त्याने एवढेच नोंदवले आहे की ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आपले धर्मदान होय. कोण, कुठला आणि काय ठेवून गेला, या तीन गोष्टींपलीकडे त्याला काही सांगायचे नव्हते. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत असे लेख ठायी ठायी आहेत. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नामक यवनाने दोन पोढ्या दिल्याची आणि चिट नामक यवनाने भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. मानमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याची नोंद आहे, तिच्यात 46 हे वर्षही दिलेले आहे. आणि बांबूकाम करणारे, कासार व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे, म्हणजे व्यवसायसंघांचे, दाखले तर कोणत्याही दप्तरापेक्षा चोख आहेत. आजच्या किल्ल्यांच्या भिंतींवर तैलरंगाने आपली नावे लिहिणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच की या मंडळींनी आधी पाणी दिले आणि मग नाव लिहिले.

घाटातल्या मोठ्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची ती यादी म्हणजे शुद्ध जमाखर्च: कुठे 1,700 गायी व 10 हत्ती, कुठे 24,400 कार्षापण नाणी. सातवाहन राजकुलाचे पुतळे तिथे होते. ते केव्हाच नाहीसे झाले, पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली. कर्नल सायक्स 1828 साली इथे आला तेव्हा त्याला डबा सापडला, पण वही वाचता येईना, कारण ती लिपी वाचणारा मनुष्य पृथ्वीतलावर उरला नव्हता. प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तो 1837 च्या सुमारास, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी याच लेखातील अंकांवरून प्राचीन संख्यालेखनाचा निबंध सिद्ध केला तो 1876 साली. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण मात्र मुलांना अधिक आवडला. तो जकातीचा, असे सारा मुलूख सांगतो. शिलालेखात तसे काही नाही. तरी कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्या नळीतून पैठणकडे चढत असे तिच्या तोंडाशी, जीवधन किल्ल्याच्या नजरेखाली, कोणी वसुली केलीच नसेल असे मानायला मी तयार नाही.

शिबिराचा मुक्काम आंबेगाव तालुक्यात होता. इंग्रजी अमदानीत खेड तालुक्याचा एक पेटा ज्याच्या नावे ओळखला जाई, आणि आजचा तालुकाही ज्याच्या नावाने चालतो, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे. मुलांनी जुन्या नकाशावरून त्या बुडालेल्या आंबेगावाचे अक्षांश-रेखांश काढले, आणि यंत्र त्यांना थेट पाण्याच्या काठाशी घेऊन गेले. तिथे डबा नव्हता. बराच वेळ कोणी बोलले नाही.

अशी शिबिरे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. डबा लेण्यात, टाक्यात वा शिलालेखाच्या भिंतीजवळ ठेवू नये. घाटघरच्या ग्रामस्थांना विचारून, त्यांच्या माहितीतल्या जागी ठेवावा. आणि मुलांच्या हाती वही देण्यापूर्वी तिची पहिली ओळ सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या नावे घालावी.