वेळेचा अपवाद

१९७४ सालच्या जुलैमध्ये असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या अमेरिकी संस्थेच्या मासिकात जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांचा दहा पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक 'आभासी' संगणक नांदवावेत, ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात साठच्या दशकाच्या मध्यापासून तसे प्रयोग चालू होते. या दोघांनी तिला काटेकोर व्याख्या दिली. आभासी यंत्रावर प्रोग्राम चालवला असता त्याचा परिणाम खऱ्या यंत्रावरच्याप्रमाणे हुबेहूब असला पाहिजे, ही तिची पहिली अट. मात्र या अटीला दोन अपवाद जोडलेले आहेत: साधनसामग्रीच्या उपलब्धतेमुळे पडणारा फरक आणि वेळेमुळे पडणारा फरक. संहिता बारकाईने वाचणाऱ्याची नजर येथे थबकावी. नाटकाचा प्रयोग शब्दशः संहितेबरहुकूम व्हावा, पण पात्रे आपली वाक्ये केव्हा बोलतील ते विचारू नये, असे म्हणण्यासारखेच हे झाले!

त्या काळी हा अपवाद निरुपद्रवी होता. एखाद्या कचेरीचे पगारपत्रक पाच मिनिटे उशिरा छापले गेले म्हणून कोणाचे काही बिघडत नसे.

गंमत अशी, की आदल्याच वर्षी, १९७३ साली, याच संस्थेच्या दुसऱ्या नियतकालिकात लिउ आणि लेलँड यांचा एक निबंध आला होता. ठरलेल्या मुदतीत कामे उरकावी लागणाऱ्या संगणकाचे वेळापत्रक कसे आखावे, हा त्याचा विषय. कामे कितीही असली, तरी प्रोसेसरचा सुमारे ६९ टक्क्यांहून अधिक वेळ त्यांत जात नसेल तर, योग्य अग्रक्रम लावल्यास, एकही मुदत चुकणार नाही, असे त्यांनी सिद्ध केले. सिद्धता देखणी आहे. पण तिच्या गृहीतकांपैकी एक असे, की प्रत्येक कामाला लागणारा वेळ स्थिर असतो. तो आकडा आणायचा कोठून, हा प्रश्न उंबरठ्याबाहेर राहिला. एका निबंधाने वेळ वगळली, दुसऱ्याने ती ठाऊक आहे असे धरले. या दोन्ही मौनांची गाठ पुढे मोटारीत पडली.

मोटारीत संगणक शिरला तो एकेकट्याने. १९७७ साली ओल्ड्समोबाइल टोरोनाडोमध्ये ठिणगीची वेळ ठरवण्यासाठी, १९७८ साली मर्सिडीजमध्ये चाके घसरू न देणाऱ्या ब्रेकसाठी. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. हिशेब त्याच्या आत पुरा झाला पाहिजे. तेव्हाचे प्रोसेसर साधे होते आणि एका पेटीत एकच काम असे, त्यामुळे आज्ञा मोजून वेळ काढता येई. पेट्यांची संख्या मात्र वाढत डझनांवर गेली, तारांची जुडगी जड झाली, आणि अखेर अनेक पेट्यांची कामे एका दणकट चिपवर आणून 'हायपरवायझर' नावाच्या घरमालकाने त्यांना वेगवेगळ्या खोल्या द्याव्यात, हा मार्ग पुढे आला. चालकासमोरचा वेगमापक एका खोलीत, गाणी आणि नकाशे शेजारच्या खोलीत.

भिंती पक्क्या असल्या तरी विहीर एकच असते. स्मृतीकडे जाणारा मार्ग सामायिक असतो, आणि बरेचदा तिच्या अलीकडची झटपट कॅशही. नकाशाने अकस्मात मोठा उपसा सुरू केला, की वेगमापकाच्या पाळीला उशीर होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका मिलिसेकंदात सुमारे २.८ सेंटीमीटर पुढे सरकते. ब्रेक निकामी झाल्याचा तांबडा दिवा १०० मिलिसेकंद उशिरा लागला, तर तेवढ्यात जवळजवळ तीन मीटर रस्ता मागे पडलेला असतो. मोटारींच्या सुरक्षेचे आयएसओ २६२६२ हे मानक २०११ साली आले, त्यात एका घटकाने दुसऱ्याच्या कामात, अगदी त्याच्या वेळेतही, ढवळाढवळ करू नये हे मुद्दाम नोंदवावे लागले.

मग हा वेळ आधी सांगता येईल का? कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण रीत नाही, हे ट्युरिंगच्या १९३६ सालच्या निबंधापासून आपण जाणतो. मोटारीचा प्रोग्रामर त्यातून सुटतो तो प्रत्येक आवर्तनाला मर्यादा घालून. १९८९ साली ॲलन शॉ, तसेच पुश्नर आणि कोझा यांनी अशा प्रोग्रामचा कमाल वेळ गणिताने काढण्याच्या रीती मांडल्या. पण १९९९ साली लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी दाखवले, की आधुनिक प्रोसेसरमध्ये एक पायरी लवकर झाली तरी एकूण प्रवास लांबू शकतो. सगळ्या वाईट शक्यतांची बेरीज म्हणजे सर्वांत वाईट वेळ, ही भाबडी समजूत तेथे संपली.

दुसरी वाट मोजमापाची. प्रोग्राम हजारो वेळा चालवायचा आणि नदीच्या महापुराची उंची वर्तवण्यासाठी जे चरममूल्यांचे संख्याशास्त्र वापरतात, तेच येथे लावायचे; एडगर आणि बर्न्स यांनी २००१ साली हे सुचवले. स्मृतीच्या मार्गावर प्रत्येक शेजाऱ्याला कोटा ठरवून देण्याची योजना २०१३ साली पुढे आली. मला ही दुसरी अधिक प्रामाणिक वाटते. तीत वेग थोडा गमवावा लागतो, पण १९७४ चा अपवाद काही अंशी तरी रद्द होतो. पुराच्या गणितात पावसाची जात बदलत नाही असे धरलेले असते. मोटारीत मात्र गाडी विकली गेल्यावरही नकाशाच्या खोलीत नवा भाडेकरू बिनतारी मार्गाने येऊन राहतो, आणि कारखान्यात मोजलेला आकडा जुन्या शेजाऱ्याच्या नावावरच राहतो.